एक म्हणजे थांब

गल्ली साडेनऊ फूट होती आणि टँकर आठ फूट. दोन्ही बाजूंना नऊ-नऊ इंच उरत होते, म्हणजे मोठ्या माणसाची एक वीत. पहिल्याच दिवशी, कुणी उठायच्या आत, त्यानं टेप लावून हे स्वतः मोजलं होतं. मोजून उपयोग झाला नाही. स्टिअरिंगवर बसलं की गल्ली आखडायची.

गल्ली उताराची, चाळीस पावलं लांब. खालच्या टोकाला हौद आणि हौदाला लागून पंपघर. त्या पंपघरात त्यानं सोळा वर्षं काढली होती. कुठल्या आळीला किती वाजता पाणी सोडायचं, कुठला व्हॉल्व्ह किती फेरे फिरवायचा, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगितलं असतं. गाव त्याला पंपवालाच म्हणायचं. पण दोन वर्षं पावसानं पाठ फिरवली. आधी विहीर आटली, मग तळं. पंप चिखल ओढायला लागला. उन्हाळ्याच्या तोंडाशी कार्यालयातून एक माणूस आला, त्यानं पंपघराला कुलूप घातलं आणि पंपवाल्यापुढे हात पसरला. किल्ली मागायला.

आता पाणी टँकरनं यायचं. टँकरला ड्रायव्हर हवा होता. पंपवाला पूर्वी बारा वर्षं ट्रक चालवत होता, हे गावात म्हाताऱ्यांना ठाऊक होतं. लायसन्स त्यानं दर खेपेला मुदत वाढवून कपाटात ठेवलं होतं. बायको विचारायची, कशाला? तो म्हणायचा, असू दे.

"पंपवाले, आज तरी खाली येणार का?" रांगेतून शिवणवाली ओरडली. तिच्या हाताला धरून तिची लेक, दुसऱ्या हातात दोन कळशा. "की आमचीच गल्ली तुमच्याकडे वर चढवून आणू?"

रांग हसली. तो गल्लीच्या तोंडाशी गाडी उभी करून खाली उतरला. उतरताना गुडघ्यात कळ आली ती त्यानं दात आवळून गिळली. सोळा वर्षांपूर्वी तो कॅबिनमधून उडी मारायचा. आता आधी एक पाय, मग दांडी, मग दुसरा पाय.

त्यानं टपावरचा पाइप ओढून काढला, तीन तुकडे जोडले आणि उताराला सोडला. जोड जुने होते. तिन्ही ठिकाणी पाण्याची पिचकारी उडायला लागली. बायकांनी तिथं भांडी लावली. जे जमिनीत जात होतं त्याच्याकडे सगळे बघत होते, आणि मग त्याच्याकडे. जे काम हौदाला पाठ लावून पंधरा मिनिटांत व्हायचं त्याला सव्वा तास लागला. दिवसाच्या चार खेपा ठरल्या होत्या, दोन होत होत्या. हौद अर्धाही भरत नव्हता. रांगेतल्या शेवटच्या आठ-दहा घरांना घागरभर पाण्यावर भागवावं लागत होतं, आणि त्या आठ-दहा घरांत त्याचं स्वतःचंही घर होतं.

त्यानं एकदा प्रयत्न केला होता. तिसऱ्या दिवशी. रिव्हर्स टाकला, क्लच सोडला, गाडी दोन हात मागे गेली आणि पलीकडच्या आरशात भिंतीचा कोपरा दिसला. त्याचा पाय आपोआप ब्रेकवर गेला आणि तिथेच थरथरत राहिला. मांडी उडत होती, शिवणयंत्राच्या पायट्यासारखी. गाडी बंद पडली. मागून कुणीतरी म्हणालं, "गाडी लाजाळू आहे हो." तो हसला. आपण का हसलो ते त्याला दिवसभर कळलं नाही.

बुधवारी ठेकेदारबाई आल्या. चष्मा गळ्यात, फोन हातात. पाइपाच्या एका जोडावर त्या थोडा वेळ वाकून बघत राहिल्या. साडीच्या काठावर पाणी उडालं तरी हलल्या नाहीत.

"तुम्ही ड्रायव्हर आहात की माळी?"

"बाई, गल्ली अरुंद आहे."

"मागच्या उन्हाळ्यात पंप बिघडला तेव्हा माझा दुसरा ड्रायव्हर याच गल्लीत उतरत होता. एका हातात विडी धरून." त्यांचा आवाज चढला नव्हता. रांगेला मात्र सगळं ऐकू जात होतं. "शनिवारी मी येते. हौदाला पाठ लावून गाडी उभी दिसली, तर गाडी तुमची. नाहीतर किल्ली द्यायची."

परत किल्ली. त्यानं मान हलवली. शिवणवालीनं लेकीच्या डोक्यावरची ओढणी नीट केली आणि प्रथमच काही बोलली नाही. ते त्याला जास्त लागलं.

*

"माझ्या भावाला बोलवा की," बायको म्हणाली.

तो पालथा पडला होता. ती तव्यावर फडकं गरम करून त्याच्या कमरेवर दाबत होती. ऊन अजून अंगणात होतं.

"नको."

"का नको? मागे एक माणूस उभा असला की तुम्हाला जमतं. पूर्वी तोच तर असायचा. त्याचा हात गेला, डोळे शाबूत आहेत."

"त्याचं दुकान आहे."

"पंक्चर काय पळून जातात? दिवसाचा एक तास मागायचाय." तिनं फडकं उलटलं. "आणि खरं सांगू? तो तुमचं देणंच लागतो. त्यानं तेव्हा नीट एक थाप मारली असती तर तुमचं स्टिअरिंग कशाला सुटलं असतं? पण आमचा भाऊ! एक म्हणून दोन मारणारा!"

एवढं बोलून ती हसली. रागानं नाही. घरात ती जुनी थट्टा होती. कुणाच्या हातून कप फुटला, कुणी मीठ दोनदा घातलं, की कुणीतरी म्हणायचंच, "दोन मारल्या वाटतं!" मेहुणा जेवायला असला की तो स्वतःच आधी म्हणायचा, आणि राहिलेली दोन बोटं नाचवून दाखवायचा. सगळे हसायचे. सोळा वर्षं तोही हसत आला होता.

फडकं गार झालं. ती दुसरं गरम करायला उठली, आणि तो तसाच पालथा, तोंड उशीत खुपसून पडून राहिला.

एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे ये. गाडी मागे घेताना क्लीनर मागून पत्र्यावर थाप मारतो, ड्रायव्हर ती ऐकून चालतो. सगळ्या रस्त्यांवर हीच भाषा. त्या दिवशी दगडांच्या आवारात भिंतीकडे गाडी घ्यायची होती. मागे एकोणीस वर्षांचा मेहुणा, डावा हात ट्रकच्या मागच्या फळीवर, फाळक्यावर. बाकड्यावर चार ड्रायव्हर चहा पीत बसले होते. एक म्हणाला, "अरे, गाडी घेतोयस का गोगलगाय?" बाकीचे हसले. तेवढ्यात थाप आली. एक. स्वच्छ, कोरडी, एकच. त्यानं ती ऐकली. आणि त्या चौघांना दाखवायला म्हणून त्यानं गाडी आणखी हातभर मागे घेतली.

तीन बोटं फाळका आणि भिंत यांच्यामध्ये राहिली.

लोक धावले. तो धावला. आणि त्याच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं: "अरे, दोन मारल्यास की तू!"

पोरगा विव्हळत होता. सगळ्यांनी ऐकलं ते ड्रायव्हरचं. पुढे पोरगं बरं झालं तेव्हा गोष्ट पक्की होऊन बसली होती. कुणी ड्रायव्हर त्याला गाडीवर घेईना. ज्याला एक-दोन कळत नाही तो कशाला, म्हणायचे. लग्नाची एक बोलणी हातावरून मोडली, दुसरी त्या गोष्टीवरून. आणि तो स्वतः ट्रक सोडून पंपघरात जाऊन बसला. लोक म्हणाले, मेहुण्याच्या दुःखानं सोडला, मन हळवं आहे हो. त्यानं ते म्हणू दिलं.

*

मेहुण्याचं दुकान म्हणजे चार खांब, पत्रा आणि पाण्याचं एक घमेलं. आता त्या घमेल्यात तळाशी चार बोटं गढूळ पाणी होतं. मेहुणा उकिडवा बसून ट्यूब त्या पाण्यात फिरवत होता. उजव्या हातानं दाबायची, डाव्या हाताचा अंगठा आणि करंगळी यांच्या चिमट्यात पुढे सरकवायची. बुडबुडा आला तशी त्यानं तिथं खडूची खूण केली.

"या दाजी! टँकर कुठाय? की तोही वरच ठेवून आलात?"

गावभर झालं होतं तर. तो टायरवर बसला. मेहुण्यानं तेवढ्यात ट्यूब घासून घेतली, सोल्यूशन लावलं, त्यावर फुंकर घातली.

"ताईनं पाठवलं ना?"

"हो."

"मला वाटलंच. तुम्ही स्वतःहून आला नसतात." मेहुण्यानं ठिगळ दाबून धरलं आणि खाली बघतच म्हणाला, "दाजी, एक बोलू? खूप वर्षं बोलायचं होतं. तुमची गाडी माझ्यामुळे सुटली. तुमच्यासारखा ड्रायव्हर या रस्त्याला नव्हता. माझ्या एका गाढवपणानं तुम्ही सोळा वर्षं त्या चाकाला... म्हणजे त्या व्हॉल्व्हच्या चाकाला बांधले गेलात. मला आठवत नाही हो, मी दोन कशा मारल्या ते. खूप आठवून पाहिलं. एक आठवते. दुसरी आठवतच नाही. पण मारली असणार. तुम्ही ऐकलीत ना."

समोरच्या रस्त्यानं एक सायकल गेली. तिची साखळी करकरत होती. त्यानं ती दिसेनाशी होईपर्यंत तिच्याकडे बघितलं.

सांगायची जागा हीच होती. शब्दही जिभेवर तयार होते, फक्त दोन-तीन. पण शनिवार तीन दिवसांवर होता, आणि हे ऐकून मेहुणा उठून गेला तर मागे उभं राहायला दुसरं कुणी नव्हतं. हा हिशेब त्यानं केला. तिथल्या तिथं, टायरवर बसून केला.

"जाऊ दे रे," तो म्हणाला. "होतं असं."

"मोठं मन आहे तुमचं," मेहुणा म्हणाला, आणि त्यानं ठिगळावर हातोडीचा दांडा फिरवला. "चारला येतो. कुठे?"

*

ते आटलेल्या तळ्यात गेले. तळाची माती वाळून तिच्या ताटाएवढ्या खपल्या झाल्या होत्या, कडा वर वळलेल्या. चाकाखाली त्या कौलांसारख्या फुटत होत्या. मेहुण्यानं दुकानातून जुने टायर आणले होते. साडेनऊ फुटांवर समोरासमोर दोन ओळी मांडल्या, चाळीस पावलं.

"हे टायर म्हणजे भिंत. लागलं तर लागलं, कुणी मरत नाही."

पहिल्या दिवशी त्यानं सात टायर चिरडले. मेहुणा दर वेळी टायर उचलून जागेवर ठेवायचा, घाम पुसायचा, "पुन्हा" म्हणायचा. टँकर रिकामा होता, त्यामुळे थाप घंटेसारखी घुमायची. डाव्या हाताची थाप वेगळी यायची, तळव्याची, बोटांचा फटका नसलेली. दोन. दोन. दोन. मग एक. एक आली की त्याचा पाय ब्रेकवर असा पडायचा की डोकं मागे आपटायचं.

"एवढं दचकू नका हो दाजी. थांब म्हटलंय, मर नाही म्हटलं."

दुसऱ्या दिवशी दोन टायर लागले. आरशात काय बघायचं ते हळूहळू परत आलं: भिंत नाही, मागचं चाक बघायचं. चाक कुठे जातंय ते कळलं की गाडी त्याच्या मागे येते. हात आधी शिकले, मग मान, शेवटी पाय. शुक्रवारी एकही टायर लागला नाही. मेहुण्यानं टायरांच्या ओळीतून दोन्ही हात वर करून फेरी मारली, स्पर्धा जिंकल्यासारखी. दाजींनाही हसू आलं. त्या हसण्याच्या मध्यावर मेहुण्याचा डावा हात त्याला उन्हात दिसला, वर उंचावलेला, मागे नुसतं आकाश. तो हसायचा थांबला.

"काय झालं?"

"काही नाही. ऊन."

*

शनिवारी भरण्याच्या जागी वीज गेली आणि टँकर पाऊणच भरला. हे त्याला नको होतं. काठोकाठ भरलेलं पाणी गप्प बसतं. पाऊण भरलेलं हिंदकळतं, गाडी थांबली तरी ते थांबत नाही, आणि आतून धक्का देतं.

ठेकेदारबाई पंपघराच्या पायरीवर उभ्या होत्या. रांग गल्लीबाहेर, हौदाच्या बाजूला उभी होती. रांगेत त्याची बायको होती, डोक्यावर घागर, कमरेवर कळशी. मेहुणा मागे गेला.

रिव्हर्स. क्लच. दोन थापा.

पाण्यानं भरलेल्या पत्र्यावर थाप बद्द यायची, ढेकूळ पडल्यासारखी. त्यानं दोन्ही खिडक्या खाली केल्या. मागचं चाक. दोन थापा. घरांच्या भिंती आरशांतून सरकायला लागल्या: एक बंद खिडकी, एक वाळत घातलेली चादर, खडूनं काढलेली क्रिकेटची यष्टी. वीतभर जागा वीतभरच राहिली. दोन. दोन. मांडी उडाली नाही.

"अजून या, अजून या!" खालून कुणीतरी ओरडलं. "खूप जागा आहे!"

"घाबरता काय पंपवाले? हौद पळत नाही!"

हशा पिकला. आणि एक थाप आली.

त्यानं ब्रेक दाबला. गाडी जागेवर थांबली. मग आतलं पाणी मागे गेलं, मागच्या पत्र्यावर आदळलं, आणि सगळी गाडी मागे ओढल्यासारखी झाली. त्यानं दोन्ही पायांनी पेडल धरून ठेवलं. पाणी पुढे आलं, परत मागे गेलं. "अहो, अजून हातभर आहे!" मागून आवाज आला. तो हलला नाही. मग हँडब्रेक ओढला.

मागे व्हॉल्व्ह उघडला गेला. पाणी हौदात धबाधब पडायला लागलं. रांग पुढे सरकली. ठेकेदारबाईंनी मान डोलावली, चष्मा उतरवला आणि फोन कानाला लावून पंपघरामागच्या वाटेनं निघून गेल्या.

मेहुणा भिंत आणि टँकर यांच्यामधून आडवा होत कॅबिनपाशी आला आणि पायरीवर चढला. खिडकीत त्याचा चेहरा आला, घामानं चमकणारा.

"दाजी! एक थाप, आणि गाडी खिळल्यासारखी! लोक ओरडतायत तरी नाही हललात." त्यानं डावा हात खिडकीच्या काठावर ठेवला. "त्या दिवशी मी एकच मारली असती ना, तर..."

तो अंगठा आणि ती करंगळी त्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर होती.

"एकच मारली होतीस," तो म्हणाला.

"काय?"

"एकच. मी ऐकली होती."

मेहुण्याच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. थोडा वेळ ते तसंच राहिलं, कुणी न्यायला विसरलेल्या सामानासारखं.

"मग?"

"ते बाकड्यावरचे हसत होते."

मागे पाणी पडत होतं. कुणाची तरी घागर भरून वाहिली आणि बायका ओरडल्या. मेहुण्यानं हात काठावरून उचलला, उलटा करून बघितला, आणि पायरीवरून खाली उतरला.

"हे ताईला तुम्ही सांगायचं," तो खालूनच म्हणाला. "मी सांगणार नाही. आज."

गाडी रिकामी झाली तेव्हा मेहुणा तिथं नव्हता. गल्लीतून वर जायला मागे कुणी लागत नाही. उरलेल्या तीन खेपांपैकी एकच झाली, तीही त्यानं गल्लीच्या तोंडाशी उभं राहूनच केली, पाइप टाकून. कुणी काही विचारलं तर म्हणाला, ब्रेक गरम झालेत.

*

उजेड होता तोवरच बायकोनं ताटं मांडली. आज घागरभर जास्त पाणी होतं, तिनं केस धुतले होते. ती खुशीत बोलत होती. बाई काय म्हणाल्या, शिवणवालीचं तोंड कसं झालं. वाढताना तिच्या हातातून पळी सुटली, ताटावर आदळली, आमटी चटईवर सांडली.

"बघा!" ती हसत म्हणाली. "दोन मारल्या वाटतं!"

तो हसला नाही. ती चटई पुसत होती. तिच्या ओल्या केसांचं पाणी तिच्या पाठीवर पडत होतं. त्यानं ते तिच्या पाठीकडे बघत सांगितलं, तोंडाकडे बघून जमलं नसतं. दगडांचं आवार, बाकडं, एक थाप, आणि त्यानंतरचं वाक्य. बुधवारी दुकानात मेहुण्यानं माफी मागितली आणि आपण "होतं असं" म्हणालो, तेही सांगितलं. एवढं सगळं सांगायला ताटातलं जेवण गार होण्याइतकाही वेळ लागला नाही.

तिचा हात चटईवर थांबला होता. मग तिनं फडकं पिळलं. पुन्हा पिळलं. त्यातून काही निघत नव्हतं तरी पिळलं.

"किती वेळा म्हटलं असेल मी त्याला," ती म्हणाली. "त्याच्या तोंडावर. जेवताना."

त्यानं मान खाली घातली.

"आणि तुम्ही हसायचात."

ती उठून आत गेली. तिचं ताट तसंच राहिलं.

*

सकाळी तो टँकर घेऊन गल्लीच्या तोंडाशी आला तेव्हा रांग लागली होती. बायको रांगेत होती. ती त्याच्याआधी घरातून निघाली होती, न बोलता. तिनं टँकरकडे बघितलं नाही.

तो खाली उतरला. आधी एक पाय, मग दांडी, मग दुसरा. पाइपाला हात घातला.

"पाइप ठेव."

मेहुणा गल्लीतून वर येत होता. हातांवर दुकानाचं काळं तसंच. तो टँकरच्या मागच्या कोपऱ्यापाशी उभा राहिला, हौदाकडे पाठ करून. दाजी म्हणाला नाही. अहो म्हणाला नाही.

"ड्रायव्हर, गाडीत बस."

तो चढून बसला. खिडकी उघडीच होती.

"ड्रायव्हर, एक म्हणजे काय?"

शिवणवालीनं लेकीला जवळ ओढलं.

"थांब," तो म्हणाला.

"इथं ऐकू येत नाही. मागे सगळ्यांना ऐकू येऊ दे."

त्यानं आरशात बघितलं. आरशात मेहुण्याचा खांदा होता, त्याच्यामागे रांग, आणि रांगेत ती, घागर डोक्यावर, मान ताठ. आता ती बघत होती.

"एक म्हणजे थांब!" तो ओरडला. आवाज चिरका निघाला. "एकच मारली होती यानं! मी ऐकली होती!"

कुणी हसलं नाही. कुणाला काय कळलं, किती कळलं, त्याला समजलं नाही. बायकोनं घागर एका हातानं सावरली, दुसऱ्या हाताची कळशी कमरेला लावली, आणि खाली पंपघराकडे सरकून गाडीला वाट करून दिली. तिच्यामागे रांगही सरकली.

त्यानं रिव्हर्स टाकला. क्लचवर पाय ठेवला आणि मान खिडकीबाहेर काढून ऐकत राहिला.

बऱ्याच वेळानं पत्र्यावर दोन थापा पडल्या. दुसरी जरा जोरात.